चिकटवलेली चार पानं

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे, आणि तेही गोष्टींचं नाही, स्पॅनिश भाषेच्या व्याकरणाचं. रत्नागिरीच्या खाडीकाठी, एका फडताळात, असलं पुस्तक काय करतंय असं तुम्ही विचाराल. माझी हकिगत ऐका. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म लंडनच्या एका छापखान्यात झाला. १९२३ साली कमाल नावाच्या सारंगाने, म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाने, मला गोदीजवळच्या जुन्या बाजारातून उचललं. त्याचं जहाज दक्षिण अमेरिकेच्या बंदरांना जायचं आणि तिथे स्पॅनिश आल्यावाचून चालत नसे. त्याला कामापुरतं इंग्रजी येत होतं. तेवढ्यावर त्याने मला पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत वाचलं आणि शब्दांशेजारी शिसपेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले. त्या दिवसांत मी फार ऐटीत होतो.

पुढे यंत्रात सापडून त्याचा उजवा हात चिरडला आणि आम्ही दोघे गावी परतलो. मग शेजारचा सुलेमान त्याच्याकडे शिकायला येऊ लागला. या भाषेत घडून गेलेलं सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. चाललेलं होतं त्याची एक, झालं आणि संपलं त्याची दुसरी. कुठे कोणती वापरायची, यात भलेभले गोते खातात. सुलेमानही खायचा.

"अरं, वारा सुटला होता, दर्याला उधान होता, ह्या पहिल्यात," कमालचाचा पडवीत बसून सांगायचा. "डोलकाठी मोडली, ह्या दुसऱ्यात. मोडली ती मोडली. ती मोडत बसत नाय."

सुलेमान शिकला. चाचाच्याच शब्दावर १९२८ साली त्याला जहाजावर काम मिळालं. तेव्हा मासूमाशी त्याचं लग्न होऊन आठ महिने झाले होते.

पुढच्या वर्षी परदेशातून पत्र आलं. सुलेमानला आजारी म्हणून एका बंदरात उतरवलं होतं आणि तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टरने ते स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं. मासूमा पत्र घेऊन धावत चाचाकडे आली. मी त्याच्या मांडीवर होतो. तो एकेक ओळ वाचून सांगू लागला: त्याला ताप होता, अन्न जात नव्हतं, तो घरच्यांची नावं घेत होता. सगळं पहिल्या तऱ्हेचं, आणि सगळं खरं. शेवटची ओळ मात्र दुसऱ्या तऱ्हेची होती. "मुरिओ." मंगळवारी पहाटे वारला.

चाचा थांबला. समोर वीस-बावीस वर्षांची पोर, आणि तिच्या नवऱ्याला दर्यावर धाडणारा तो स्वतः.

"शेवटाला काय लिवलाय?" मासूमाने विचारलं.

"सलाम लिवलाय," तो म्हणाला.

मित्रांनो, एक खोटं निभवायला दहा लागतात. आठ दिवसांनी मासूमा पुन्हा दारात उभी राहिली. "चाचा, मना ही भाषा शिकवा. मीच लिवतंय त्यांना." ती मराठी चौथीपर्यंत शिकलेली, हट्टाची पक्की. नाही म्हणायला चाचाला तोंड नव्हतं. त्याने भाताची खळ केली आणि माझ्या पोटातली चार पानं एकमेकांना चिकटवून टाकली. झालं-संपलं शिकवणारी तीच चार पानं. खळ गार लागली आणि मला त्याची फार लाज वाटली.

तिला तो चाललेल्या भूतकाळापुरतंच शिकवत राहिला. ती झरझर शिकली. तिने दवाखान्याच्या पत्त्यावर अकरा पत्रं लिहिली: तुम्ही आजारी होता, मी वाट पाहत होते, पाऊस पडत होता. तिच्या पत्रांत कधी काही संपतच नसे. चाचा ती टपालात टाकतो म्हणून घ्यायचा, चार दिवस माझ्या पानांत लपवायचा आणि मग चुलीत घालायचा. उत्तर का येत नाही असं तिने विचारलं, की लांबच्या टपालाला वेळ लागतो म्हणून सांगायचा. सुलेमान आता परतत नाही असं लोकांनी धरलं आणि राजापूरहून तिला दुसरेपणाचं स्थळ आलं, तेव्हा ती म्हणाली, "माजा घोव आजारी हाय, मेला नाय." चाचाने मान खाली घातली.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच! चाचाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि १९३४च्या पावसाळ्यात मासूमा मला स्वतःच्या घरी घेऊन गेली. भाताची खळ कसरीला, पुस्तकं खाणाऱ्या त्या किडीला, फार आवडते. मी आयुष्यभर कसरीला शिव्या दिल्या. त्या वर्षी त्याच कसरीने खळ खाऊन माझी पानं सोडवली. मासूमाने ती उलगडली. तक्त्यात एक शब्द होता आणि शेजारी चाचाचं अक्षर: मेला. तिने ट्रंकेतून पत्र काढलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट माझ्यावर ठेवलं. मला ओरडावंसं वाटलं, पण पुस्तकाला कोणीतरी वाचल्याशिवाय बोलता येत नाही.

ती मौलवीसाहेबांकडे गेली. नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरात बसायचं, त्याला इद्दत म्हणतात. तिला आजपासून बसायचं होतं. मौलवीसाहेब हळूच म्हणाले, "पोरी, इद्दत मरणापासून मोजतात, खबर लागल्यापासून नाही. तुझी पाच वर्षांपूर्वीच सरली."

मला परत द्यायला ती चाचाकडे आली. "चाचा, माज्या वाट्याला रडायचे दिस होते," ती म्हणाली. "ते तुमी मना न सांगता सरवलेत."

"मना वाटला, तू तरी जगशील," चाचा पुटपुटला. तिने मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

शुक्रवारी मशिदीत सुलेमानची गायबाना नमाज झाली, मय्यत समोर नसताना पढतात ती. चाचा शेवटच्या रांगेत उभा होता. दोन वर्षांनी तोही गेला.

मित्रांनो, पुस्तकं जपा, त्यांना ऊन दाखवा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. दुसऱ्याचं दुःख त्याला झेपणार नाही असं परस्पर ठरवून त्याची पानं चिकटवू नका. ज्याचं आहे त्याच्या हाती ते वेळेवर द्या. त्या नमाजेच्या दुसऱ्या दिवशी मासूमा टोपली घेऊन खाडीवर कालवं काढायला गेली. घरात बसून रडायचा तिचा हक्क तिला कळायच्या आधीच संपला होता.