नावं ठेवण्याजोगी मालिका

'माप ओलांडून आले मी' ही मालिका संपली त्या संध्याकाळी कामाक्षीकाकू मेली. मरायलाच हवी होती. इतकी वर्षं तिनं ईश्वरीच्या दुधात नाही नाही ते कालवलं, तिचे दागिने लपवले, जिन्यावर तेल सांडलं, आणि शेवटी स्वतःच त्याच जिन्यावरून गडगडत खाली आली. मी आणि ललिताबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग कलाकारांची नावं सरकायला लागली तशा ललिताबाई म्हणाल्या, "संपलीच की हो ताई." मी म्हटलं, "संपली." पुढे बराच वेळ आम्ही दोघी साबणाच्या जाहिराती बघत बसलो.

ललिताबाई म्हणजे माझ्या विहीणबाई, सुनेची आई. देवळ्याच्या. घरी कांद्याचा व्यापार. आम्ही मूळचे पंचवटीतले भटजी. आमचे हे, शामसुंदर, अजून रोज रामकुंडावर जाऊन आलेल्या गेलेल्यांचे विधी करतात. विश्वेश आणि संपदाचं कॉलेजात जमलं, त्यात आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, त्यांनाही नव्हतं. लग्नात दोन्हीकडची माणसं एकमेकांशी इतकी अदबीनं बोलत होती की कुणाला धड जेवण गेलं नाही. पुढे व्याही वारले, ललिताबाईंना देवळ्याच्या मोठ्या घरात करमेना, म्हणून संपदानं त्यांना गंगापूर रोडला आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये आणून ठेवलं.

आता पंचाईत अशी, की लेकीच्या सासरी रोज उठून जायचं कसं? त्यांच्याकडच्या जुन्या बायका लेकीच्या घरी पाणी प्यायलासुद्धा कचरतात. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "आमच्या टीव्हीला ते चॅनेल नीट लागत नाही हो." त्यांच्या भिंतीवरचा तो दरवाज्याएवढा टीव्ही मी याच डोळ्यांनी पाहिलेला होता. तरी म्हटलं, "हो ना, हे केबलवाले म्हणजे मेले एकेक. तुम्ही आमच्याकडेच येत जा." झालं. तेव्हापासून त्यांची संध्याकाळ आमच्याकडे.

एरवी माझ्याशी 'हो का ताई', 'बरोबर आहे ताई' असं इस्त्री केल्यासारखं बोलणारी ही बाई, पण पडद्यावर कामाक्षीकाकू दिसली की सरळ अहिराणीत शिरायची. "हाई बाई येडी शे का? तिले काही लाज शे का?" मी पंचवटीत वाढलेली, माझ्या तोंडालाही काही कुलूप नाही. त्या काकूची टिकली, तिची चाल, तिचा तो मुखदुर्बळ नवरा, ती मालिका लिहिणारा, त्याला लिहायला बसवणारा, सगळ्यांचा आम्ही उद्धार करायचो. हे घरी असले तर म्हणायचे, "अगं, दिवेलागण झालीय, जरा जीभ आवर." मी म्हणायचे, "देवाजवळ दिवा लावला आणि मगच सुरुवात केलीय."

मालिका संपली आणि ललिताबाई यायच्या थांबल्या. मी दोनदा गॅलरीत जाऊन हात हलवला. त्यांनीही हलवला. तेवढंच. मग एके सकाळी डबा भरता भरता संपदा म्हणाली, "आई, मम्मी देवळ्याला परत जायचं म्हणतेय. कायमचंच. शनिवारी जीवन गाडी घेऊन येतोय." जीवन म्हणजे तिचा भाऊ.

"का गं? इथं काय दुखतंय त्यांचं?"

"म्हणते, इथं बसून करू काय? संध्याकाळ खायला उठते."

माझी संध्याकाळ काय मला पुरणपोळी वाढते? हे येतात जेवणाच्या वेळेला. विश्वेश आणि संपदा त्याहून उशिरा, आणि आले की दोघांची तोंडं फोनात. मला त्या बाई हव्या होत्या. सरळ सांगते, सख्ख्या बहिणीचीही मी कधी इतकी वाट पाहिली नाही. पण विहिणीला 'जाऊ नका, मला करमत नाही' असं म्हणतात का कुठे? विहीण म्हणजे मानपानाचं माणूस. तिच्या हातात साडी ठेवून तिला निरोप देतात, हात धरून बसवून घेत नाहीत. शिवाय मी मुलाची आई. लोक काय म्हणतील ते सोडा, ललिताबाईच काय म्हणतील याची मला भीती.

तेव्हा उपाय एकच होता. शनिवारच्या आत नवी मालिका शोधायची.

विश्वेशला विचारलं. तो इतका खूश झाला की त्यानं आल्या आल्या कुठलीशी परदेशी मालिका लावून दिली. जगभर गाजलेली आहे म्हणे. मी ललिताबाईंना फोन करून बोलावलं. पडद्यावर बर्फच बर्फ, एक माणूस गाडीतून उतरतो आणि लांब बघतो. बोलतात ते कळत नाही, खाली अक्षरं येतात ती वाचायची. मी चष्मा पुसून वाचायला लागले. ललिताबाईही वाचायला लागल्या. अभ्यासिकेत बसावं तशा आम्ही दोघी चुपचाप. मध्येच मी म्हणायला गेले, "या मेल्याला स्वेटर..." तर तेवढ्यात दोन ओळी निसटल्या आणि कोण कुणाचा खून करून गेलं ते कळलंच नाही. संपल्यावर ललिताबाई म्हणाल्या, "छान आहे." आमच्याकडे 'छान आहे' म्हणाले की समजायचं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे दुखायला लागले.

मग ह्यांनी सुचवलं, एखादं पौराणिक लाव. लावलं. ललिताबाई आल्या, पण आल्या त्या डोक्यावर पदर घेऊन आणि हात जोडून बसल्या. देवाला काय बोलणार? राक्षस आला तेव्हा मला जरा आशा वाटली, पण त्यालाही बोलायची सोय नाही, कारण हे मागे खुर्ची टाकून बसलेले. "त्याला शाप होता गं, मागच्या जन्मी फार मोठा ऋषी होता तो." राक्षसाचीही बाजू घेणारा नवरा घरात असल्यावर बाईनं करायचं काय? शेवटी प्रसाद म्हणून साखर वाटली आणि ललिताबाई घरी गेल्या.

तिसरी मालिका संपदानं आणली. 'शेजारचं दार'. म्हणाली, "आई, ही खूप वेगळी आहे, खरी वाटते." आणि खरंच वेगळी. त्यातली सासू सुनेला म्हणते, तुझ्या बोलण्याचं मला वाईट वाटलं. सून म्हणते, माझं चुकलं. की दोघी मिळून भाजी निवडतात. झालं भांडण. कुणाचं नखसुद्धा दुखत नाही.

मी चिडून म्हटलं, "अशा सासवा असतात का कुठे?"

ललिताबाई पदर सावरून म्हणाल्या, "असतात ना ताई. तुम्ही आहात की."

हे ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं. तोंडावर इतकं गोड बोलायला लागली म्हणजे बाई परकीच झाली. शुक्रवारची संध्याकाळ होती ती. त्या पर्स घेऊन उठायला लागल्या, मी टीव्ही बंद करायला रिमोट शोधायला लागले, तर रिमोट माझ्याच खाली. हलल्याबरोबर चॅनेल बदललं.

पडद्यावर लग्नाचा मांडव. नवरी नऊवारीत, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि मेंदीच्या हातात पिस्तूल. मांडवाच्या आत विजा कडाडताहेत. कोपऱ्यात नाव लिहिलेलं, 'सौभाग्याची सुपारी'.

ललिताबाई अर्ध्या उठलेल्या तशाच थांबल्या. "हाई कोन शे? मांडोमा पिस्तूल?"

मी म्हटलं, "आणि भटजी बघा. नवरदेवाच्या कपाळावर बंदूक, तरी ह्याची मंगलाष्टकं चालूच."

"दक्षिणा बाकी असेल त्याची," ललिताबाई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली, कारण मी भटजीचीच बायको. मला इतकं हसू आलं की मी सोफ्यावर आडवीच झाले. मग त्याही हसल्या. तेवढ्यात भाग संपला, त्यांनी पदर सारखा केला, पुन्हा 'येते हं ताई' झाल्या आणि गेल्या.

पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. मी येडी चांगली मालिका शोधत बसले होते. चांगल्या मालिकेचं करायचं काय? तिला नावं ठेवता येत नाहीत. आम्हाला हवी होती ती सगळ्यात टुकार, बिनडोक, लिहिणाऱ्याला चौकात उभं करावंसं वाटेल अशी मालिका.

मी लगेच फोन लावला. "ललिताबाई, उद्या निघायच्या आधी या. नाही म्हणू नका. नावं ठेवायची आहेत, मला एकटीला नाही जमणार."

फोन ठेवून वळते तर हे नुकतेच घरात आलेले, आणि चेहरा असा फुललेला की विचारू नका. म्हणाले, "अगं, मला आधी सांगायचं नाही का? संपदाला दिवस गेलेत?"

"काय?"

"नाव ठेवायचं म्हणालीस ना आत्ता? अजून वेळ आहे म्हणा, पण तरी पंचांग बघून ठेवतो." आणि खरोखर पंचांग काढलं.

"अहो, बारसं नाही. सुपारीला नावं ठेवायची आहेत."

हे गंभीर झाले. "सुपारीला? सुपारीला नाव कशाला ठेवायचं? सुपारी म्हणजे गणपती. तिथं तेच नाव." चाळीस वर्षं पाटावर सुपारी मांडून गणपती पुजणारा माणूस, त्याला मी पिस्तूलवाली सुपारी कशी समजावणार? त्यातच संपदा दारातून आत आली आणि ह्यांनी तिला आल्या आल्या बसायला खुर्ची दिली, जपून राहायला सांगितलं. तो घोळ निस्तरेपर्यंत भात गार झाला.

शनिवारी ललिताबाई आल्या त्या बॅग घेऊनच. बॅग दाराशी ठेवली आणि म्हणाल्या, "जीवन पोचतोच आहे. तोवर बसते." मी साडी आणून ठेवली होती, अबोली रंगाची, पण ती आत कपाटातच राहू दिली. बाहेर काढली असती तर निरोप झाला असता.

मालिका लागली. त्या दिवशी घरातली म्हातारी आत्या घर सोडून निघाली होती. कारण मला अजून कळलेलं नाही. दिवाणखान्यात सगळं खानदान उभं, पुरुष कोटात, बायका दागिन्यांनी मढलेल्या. म्हातारी पिशवी उचलते. वीज कडाडते. कॅमेरा एकाच्या तोंडावर, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, मग परत पहिल्याच्या. म्हातारी एक पाऊल टाकते. पुन्हा सगळी तोंडं.

"बोला ना मेल्यांनो," मी सुरू केलं. "पावडर सांडेल म्हणून तोंड उघडत नाहीत का?"

"आन् ती म्हातारी दाराशी कव्हळ पोचनार? घर शे का एसटी स्टँड शे?" ललिताबाई आता रंगात आल्या होत्या. मी टाळी दिली. त्यांनी घेतली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तेवढ्यात बेल वाजली. जीवन. मला 'नमस्कार मावशी' केलं, आईला म्हणाला, "मम्मी, चल. गाडी खाली लावलीय, जेवणाच्या वेळेपर्यंत पोचायला पाहिजे."

"थांब जरा," ललिताबाई पडद्यावरून नजर न हटवता म्हणाल्या. त्यानं बॅग उचलली आणि तो हॉलच्या मधोमध उभा राहिला.

पडद्यावर म्हातारी उंबऱ्यापर्यंत आली होती. ललिताबाईंचा पारा चढला. "अरे, कोनी तरी राहा म्हना ना तिले! एवढी खंडीभर माणसं उभी, एकाच्या तोंडातून शब्द निघत नाय. मनातून सगळ्यांना वाटतंय ना थांबावी? मग बोलायला काय होतं? का तिनंच म्हणायचं, बाबांनो, मला थांबवा?"

"तेच ना," मी जोरात म्हटलं. "नुसते खांबासारखे उभे. एवढं साधं..."

समोर जीवन बॅग घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, ललिताबाईंकडे बघितलं, मग पुन्हा जीवनकडे. त्या मालिकेतला कॅमेरा फिरावा तशी माझी मान फिरत होती.

"राहा," मी म्हटलं.

"हां, एवढंच. यांना एवढं म्हणायला..."

"त्या म्हातारीला नाही हो. ती जाऊ दे खड्ड्यात. तुम्हाला म्हणतेय. नका जाऊ देवळ्याला. मला तुमच्याशिवाय करमत नाही."

जीवननं बॅग या हातातून त्या हातात घेतली. ललिताबाई हळूहळू माझ्याकडे वळल्या. आजवर कामाक्षीकाकूकडे ज्या नजरेनं बघायच्या ना, तीच नजर.

"मंग इतला दिन काय तोंड शिवेल व्हतं का तुन्हं?"

ताई नाही, अहो नाही, सरळ तू. मी काही बोलणार, तोवर त्या मुलावर ओरडल्या.

"आन् तू काय उभा शे मधमा? बाजूले सरक. टीव्ही दिसत नही."