तपकिरी कडी

नणंदेच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आपल्याच प्रयोगशाळेत येणार, हे वहिनीला ठाऊक होतं. तरी काचपट्टीवरचं नाव तिनं दोनदा वाचलं. कर्करोग आहे हे आधीच कळलं होतं. तो कुठल्या प्रकारचा, ते आता बघायचं होतं.

"मी करते, तू घरी जा," प्रयोगशाळेतली सोबतीण म्हणाली.

"नको गं. घरी नुसता जीव टांगणीला लागेल."

वाढीचे निरोप झेलणारे रिसेप्टर पेशीच्या अंगावर असतात. त्यातले हर-टू नावाचे बेसुमार झाले, की 'वाढ, वाढ' असा एकच घोशा सुरू होतो आणि पेशी कुणाला जुमानत नाहीत. हे रिसेप्टर तपकिरी दिसावेत म्हणून पट्टी रंगवायची, हे वहिनीचं रोजचं काम.

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिकडेतिकडे पेशींभोवती जाड, गडद तपकिरी कडी. असा आजार झपाट्यानं पसरतो, हे ती किती वर्षं ऐकत आली होती!

तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, पाहिलंस ना? खरं सांग."

"अगं, डॉक्टर सांगतील की."

"म्हणजे वाईटच. चांगलं असतं तर तू एव्हाना बोंब ठोकली असतीस."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी दोघींना समजावलं, की आजार आडदांड आहे, पण नेमकं त्या रिसेप्टरलाच जाऊन चिकटणारं औषध आहे. केमोबरोबर ते द्यायचं, मग शस्त्रक्रिया. हृदयावर मात्र लक्ष ठेवावं लागेल, ते अशक्त होऊ शकतं.

"वा! तेवढंच एक धड उरलं होतं," नणंद म्हणाली. ओठ पांढरेफटक पडले होते.

त्या औषधाच्या पहिल्याच सलाईनला तिला हुडहुडी भरली. दात कडकड वाजू लागले. "वहिनी, हात सोडू नकोस!" नर्सनं धावत येऊन सलाईन थांबवलं, इंजेक्शन दिलं, अंगावर ब्लँकेटं टाकली. वहिनी तिच्या छातीकडे एकटक बघत राहिली. श्वास चालू होता.

पुढचे डोस निभावले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नणंदेनं तिचा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला.

"बघ, गाठ लागतेय का?"

वहिनीची बोटं भीत भीत फिरली. काहीच लागलं नाही.

"नाही गं."

"नीट बघ."

तिनं पुन्हा चाचपलं. मग आणखी एकदा.