झिजलेली मुंबई

मी एक जुना नकाशा आहे, भारताचा. पाठीला कापड आणि वर-खाली लाकडी दांडे. माझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. पण पंखा लागला की मी सारखा फडफडतो; त्या फडफडण्यामागे काय आहे, तेवढं सांगून पाहतो.

मित्रांनो, मुलुंडला श्यामकांत सरांच्या बैठकीच्या खोलीत मी टांगलेला असतो. सर दहावीच्या मुलांना मराठी, इंग्रजी आणि इतिहास-भूगोल शिकवतात. गणिताच्या मोठ्या क्लासहून मुलं दमून येतात, तेव्हा सर म्हणतात, "डोळे मिटा. बोटाला पाठ झालं पाहिजे." मग एकेक जण डोळे मिटून माझ्यावर बोट ठेवतो. आधी मुंबई, मग तिथून बाकीचा देश. माझं कौतुक व्हायचं. पण इतक्या बोटांनी माझी मुंबईच झिजली. कागद गेला, कापड दिसू लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी जुन्या दिनदर्शिकेतल्या नकाशाचा किनारा कापून तिथे डकवला. त्याचं माप वेगळं होतं. मुंबईचा ठिपका चार बोटं खाली आला. तो तुकडा मला टोचत राहिला, पण मी सांगणार कसं?

पूर्वपरीक्षेत सरांच्या सगळ्या मुलांनी मुंबई रत्नागिरीशेजारी दाखवली.

"सर, वाट लागली!" त्यांच्यातला देवेश येऊन म्हणाला. "बाई म्हणतात, अख्खी मुंबई गणपतीला गावी गेली काय रे?"

सर हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

संध्याकाळी क्लासमधल्या मानसीला घेऊन तिची आई, सुलक्षणाताई, आल्या. "राग मानू नका सर. पण बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय. मानसीला मोठ्या क्लासला घालू म्हणते."

"घाला ताई. चूक माझीच आहे. इतरांनाही मी तेच सांगणार आहे. क्लास बंद करतो."

मानसी जमिनीकडे बघत राहिली. सरांनी मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं. तिथे वारा नव्हता, तरी मला स्वस्थता नव्हती. क्लास माझ्यामुळे बंद पडणार होता.

दुसऱ्या दिवशी मानसीचा आवाज आला. "सर, नकाशा कुठाय?"

"अगं, तू इथे? आई काय म्हणाली?"

"रात्रभर भांडले मी. आई म्हणाली, जा बाई, तुझी परीक्षा, तूच बघ."

"मग निदान नवा नकाशा आणतो."

"नवा नको ना! बोटाला हाच माहितीय. फक्त तो तुकडा काढा."

तिच्याबरोबर आलेल्या देवेशने वाटीत पाणी आणलं. सरांनी मला पुन्हा भिंतीवर टांगलं आणि ओल्या फडक्याने हळूहळू तुकडा सोडवला.

"चला, चाकरमानी परतले!" देवेश म्हणाला. आता मात्र सर हसले.

मानसीने डोळे मिटले. सवयीने तिचं बोट रत्नागिरीपाशी गेलं, अडखळलं, किनाऱ्याने वर सरकलं आणि उघड्या कापडावर थांबलं.

"हे खरखरीत लागतंय, तीच मुंबई."

मित्रांनो, वापराने झिजलेलं झाकायची घाई करू नका. जोडायचंच असेल तर आधी नीट मोजा, दुसऱ्या कुणाला दाखवा.

परीक्षा जवळ आली आहे. मी अजूनही फडफडतो. फक्त मानसीचं बोट टेकलं की, पंखा कितीही जोरात असो, मी हलत नाही.