आतल्या बाजूचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. पितळेचं, मुठीएवढं, आणि सध्या कशालाही न लावलेलं. दाराशेजारी चपलांचं कपाट आहे, त्यावर एक वेताची टोपली आहे आणि त्या टोपलीत न उमटणारी पेनं, संपलेले सेल आणि कुणाच्या तरी शर्टाचं एक बटण यांच्या संगतीत माझा मुक्काम असतो. इथे मी कसा आलो ते मला ठाऊक आहे. इथे माझं काय काम, ते मात्र अजून नीटसं उमगलेलं नाही. तुम्हाला सांगता सांगता कदाचित मलाही उमगेल, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथले मिस्त्री ठार बहिरे होते. बाकीचे कारागीर कुलूप कानाशी धरून किल्ली फिरवत आणि आतला खटका ऐकत. हे मिस्त्री कुलूप दातांत धरत. आतल्या पट्ट्या नीट सरकल्या की दातांना कळतं म्हणे. मलाही त्यांनी कानशीने घासलं, पुसलं, दातांत धरलं, किल्ली फिरवली आणि शेजारच्या कारागिराला हळूच सांगितलं, "हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही." बहिऱ्या माणसाचं हळू बोलणंही अख्ख्या कारखान्याला ऐकू जातं. त्या दिवसापासून माझी मान जी ताठ झाली ती झालीच. माझ्याबरोबर दोन किल्ल्या दिल्या आणि मला दुकानात पाठवलं.

तिथून मला एका तरुण जोडप्याने घरी नेलं. हेच पुढे खारूचे आईबाबा झाले. खारू म्हणजे त्यांची मुलगी. सारखं काहीतरी कुरतडत असते म्हणून खारू. घर भाड्याचं होतं, गावातल्या एका अरुंद गल्लीत. दाराला जाडजूड कडी आणि कोयंडा होता. माझं काम अगदी सरळ होतं. माणसं घरात असली की मी आतल्या खिळ्यावर, माणसं बाहेर पडली की मी दारावर, रस्त्याकडे तोंड करून. म्हणजे रिकामं घर आतून कसं दिसतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. घर रिकामं झालं की मी बाहेर असायचो.

माझ्या दोन किल्ल्यांपैकी एक आईच्या पर्समध्ये असे आणि दुसरी समोरच्या शिंपीणकाकूंकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं, त्या गल्लीची रीतच तशी होती. ज्याच्या घरासमोर जे घर, त्याच्याकडे त्याची किल्ली. काकूंच्या मशीनमागे खिळ्यांची रांग होती आणि तिथे कात्र्यांच्या शेजारी निम्म्या गल्लीच्या किल्ल्या लटकत असत. खारू शाळेतून लवकर आली की तिथून किल्ली घ्यायची, वर एक लाडू आणि दोन बोलणी खायची आणि मला उघडायची. तिला मला उघडायला दोन्ही हात लागत. बाबा महिन्यातून एकदा काकूंकडूनच मशीनच्या तेलाची बुधली आणून मला पाजत. एकदा कुणा भुरट्या चोराने पहार घेऊन माझ्याशी झटापट केली, तेव्हा कोयंडा वाकला पण मी वाकलो नाही. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली मला बघायला आली होती. बाबा प्रत्येकाला मला हलवून दाखवत होते. सुखाचे दिवस होते ते, मित्रांनो. सुखात असताना कुठे कळतं?

मग बाबा कामाला जात तो रंगाचा कारखाना बंद पडला. म्हणजे तिथला बंद पडला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या शहराजवळच्या उपनगरात नवा सुरू झाला. ज्यांना यायचं त्यांनी यावं, बाकीच्यांना रामराम. बाबांनी जायचं ठरवलं. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची, तिने ते सोडलं.

निघायच्या दिवशी जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं. सामानाचा ट्रक भरून निघून गेला. आईने रिकाम्या घरातून एक फेरी मारली, बाहेर आली, नेहमीसारखं मला कोयंड्यात अडकवलं, किल्ली फिरवली, एकदा ओढून बघितलं आणि समोर जाऊन, खारूने आदल्या दिवशी आणलेली दुसरी किल्ली काकूंच्या हातात दिली. "येते हं," म्हणाली. काकूंनीही नेहमीसारखी ती खिळ्याला लावली. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोहोचल्यावर बाबा म्हणाले, "अगं, कुलूप आपलं आहे."

घर तर मालकाला परत द्यायचं होतं. सगळे उतरून मागे आले. आईने पर्समधल्या किल्लीने मला काढलं, पण समोरच्या खिळ्यावरची किल्ली परत मागायला काही केल्या तिचा पाय उचलेना. काकूही ती काढून द्यायला पुढे आल्या नाहीत. दोघी दारात उभ्या राहून रडल्या. अशा रीतीने माझी एक किल्ली तिकडे राहिली आणि मी दुसरीबरोबर आईच्या मांडीवरच्या पर्समध्ये बसून निघालो.

इथे आलो आणि माझं डोकंच चालेनासं झालं. इथल्या इमारती एका साच्यातून काढल्यासारख्या. रंग एक, खिडक्या एक, जिने एक, दारंसुद्धा एक. पहिल्याच आठवड्यात बाबा कामावरून येऊन भलत्याच इमारतीत शिरले आणि कुणाच्या तरी दाराशी किल्ली खुपसत बसले. आतल्या माणसाने विचारलं, "कोण पाहिजे?" बाबा म्हणाले, "मीच." दोन दिवस आई त्यावरून हसत होती. तिसऱ्या दिवशी तीही बाजारातून येताना चुकली आणि मग घरात तो विषय कुणी काढला नाही.

पण माझी खरी पंचाईत दारापाशी झाली. या दाराला कडी नाही, कोयंडा नाही. याचं कुलूप त्याच्या पोटात लपलेलं आहे आणि दार नुसतं ओढलं की आपोआप लागतं. माणूस किल्ली फिरवत नाही, ओढून बघत नाही, काही नाही. बाबांनी सुताराला बोलावून बाहेरून एक कोयंडा बसवायचं ठरवलं, तर इमारतीचा मॅनेजर वर आला. "सगळी दारं सारखी दिसली पाहिजेत. बाहेरून काही ठोकायचं नाही," म्हणाला. सुतार हत्यारं गोळा करून गेला आणि मी टोपलीत गेलो. आता घरचे बाहेर पडतात आणि मी आतच राहतो. रिकाम्या घरात पंख्याचं पातं वाऱ्याने थोडं हलतं, नळ मधूनच टपकतो. मी राखण कशाची करायची, कुणापासून करायची, काही समजत नाही. घोडा गेला आणि नाल राहिला, तशी माझी गत.

आईची गतही फारशी वेगळी नव्हती. स्टेशनजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात तिला काम मिळत होतं. तिथल्या मालकाने तिच्या हातचं काम बघितलं आणि लगेच हो म्हटलं. आईचा चेहरा त्या दिवशी इथे आल्यापासून पहिल्यांदा उजळला होता. पण खारू शाळेतून दुपारी येणार आणि आई संध्याकाळी. मधल्या वेळात दार कोण उघडणार?

"खारूच्या गळ्यातच किल्ली बांधू या," बाबा म्हणाले.

"या वर्षात तिने तीन डबे हरवलेत," आई म्हणाली. "दुपारी ती स्वतः घरी येते, हेच आपलं नशीब."

"मग कुणाकडे तरी ठेवू."

"कुणाकडे? मला या मजल्यावरच्या एकाही माणसाचं तोंड माहीत नाही."

ते खरं होतं. आमच्या मजल्यावर चार दारं आणि चारही सदा बंद. समोरच्या दाराआड एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, पण त्याही पूर्ण कधी दिसल्या नव्हत्या. बेल वाजली की त्या साखळी लावूनच दार किलकिलं करत. खारूने त्यांचं नाव फटीतल्या आजी ठेवलं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने सांगितलं होतं, "सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल." शुक्रवार उजाडला तरी आईला किल्ली ठेवायला माणूस सापडला नव्हता. नको म्हणून कळवायचं, असं तिने मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं.

त्या शुक्रवारी सकाळी आईने गॅसवर दूध ठेवलं होतं. तेवढ्यात समोर साखळी खळखळली. आई इतके दिवस त्या आवाजाचीच वाट बघत होती. आज विचारतेच, म्हणत ती अनवाणी, ओल्या हातांनी बाहेर धावली. समोरचं दार तोवर मिटलं होतं. आणि आमच्या खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि आमचंही दार तिच्या पाठीमागे धाडकन लागलं.

जुन्या घरी दार हजारदा असं आपटलं असेल. ढकललं की उघडायचं. आईनेही सवयीने ढकललं. मग पुन्हा ढकललं. मग तिला आठवलं, आणि तिच्या तळहातांचे धपके सुरू झाले. किल्ली आत, फोन आत, मी आत. माझ्या टोपलीतून स्वयंपाकघर समोरच दिसतं. दूध फुगलं, उतू गेलं, ज्योत फडफडून तशीच पेटती राहिली, मग पातेलं कोरडं पडून काळं पडायला लागलं. शेजारी लटकलेलं हातपुसणं वाऱ्याने ज्योतीकडे झेपावत होतं. मित्रांनो, मी जन्मभर माणसांना बाहेर अडवलं, पण आपलंच माणूस बाहेर अडकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला काही सुचत नव्हतं. सुचून तरी मी काय करणार होतो?

आईने एका दाराची बेल वाजवली, तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्या दाराआडून आवाज आला, "आम्हाला काही घ्यायचं नाही." मग ती समोर गेली. साखळी लावून दार किलकिलं झालं.

"दूध गॅसवर आहे," आई म्हणाली, "दार लागलं. किल्ली आत राहिली." बोलता बोलता ती रडायलाच लागली.

दार मिटलं. मग साखळी निघाल्याचा आवाज आला. आजी काठी टेकत बाहेर आल्या. "रडू नका. जिन्याजवळच्या त्या छोट्या कपाटात गॅसचा कॉक आहे, तो आधी बंद करा. डावीकडचा तुमचा."

आईच्या पावलांचा धावतानाचा आवाज आला आणि इकडे ज्योत विझली. मी बघितली विझताना. मग आजींनी फोन करून खालच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने प्लास्टिकची एक पट्टी दाराच्या फटीत सरकवली, जरा हलवली, आणि ते मिजासखोर दार मुकाट उघडलं. खरं सांगतो, तेवढ्या गडबडीतही मला थोडं बरं वाटलं.

आई जळकं पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली. आजी आत आल्या, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. आई बोलत राहिली. शिंपीणकाकूंचं, खिळ्यांच्या रांगेचं, चष्म्याच्या दुकानाचं, सगळं सांगितलं. "मी त्यांना नाहीच म्हणून कळवते आता," ती म्हणाली. आजी उठल्या आणि काठी टेकत परत गेल्या. त्यांच्या दाराला पुन्हा साखळी लागल्याचं मी ऐकलं. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी बेल वाजली. आईने दार उघडलं, तर आजी. हातात निळ्या फितीला बांधलेली किल्ली.

"ही तुमच्याकडे ठेवाल का?"

"कशाची आहे?"

"माझ्या दाराची." आजी थोड्या अडखळल्या. "दोन वर्षं झाली मला इथे येऊन. मुलगा लांब असतो. दिवसा कोण कुठला येईल, म्हणून साखळी लावते. रात्री मात्र काढून ठेवते. पडले-झडले तर कुणाला आत येता यावं. पण किल्लीच कुणाकडे नाही, तर येणार कोण? तुमच्याशी बोलून गेले आणि मग दुपारभर तेच डोक्यात. कुणाला द्यावी ते कळत नव्हतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं."

"मलाही होत नव्हतं," आई म्हणाली.

मग ती आत गेली आणि आमच्या दाराची जास्तीची किल्ली घेऊन आली. "मुलगी दुपारी येते," म्हणाली. "वेंधळी आहे. सारखी खाते."

"येऊ दे. बूट मात्र बाहेर काढायचे."

दोघी आपापल्या हातातली किल्ली घेऊन तशाच उभ्या होत्या. आधी कुणी द्यायची तेच त्यांना समजेना.

सोमवारी आई कामावर गेली. आता रोज दुपारी जिन्यात खारूचे पाय वाजतात, समोर साखळी निघते, बूट काढण्यावरून थोडी वादावादी होते आणि मग आमचं दार उघडतं. मी टोपलीतच आहे. मला अजूनही इथलं पुष्कळसं कळत नाही. दार स्वतःहून का लागतं, सगळ्या इमारती सारख्या का, बटण कुणाच्या शर्टाचं. मिस्त्री म्हणाले होते, हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही, आणि त्याच बोलण्यावर मी जन्मभर मिरवलो. पण घराबाहेरचं एक माणूस मला रोज उघडू शकत होतं, म्हणूनच मी त्या घराचं कुलूप होतो, हे माझ्या टाळक्यात शिरायला देशाचं दुसरं टोक गाठावं लागलं.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, अधूनमधून त्यांना तेल द्या, असं मी म्हणणार होतो. ते कराच. पण आज घरी गेलात की आईला एवढं विचारा, आपल्या दाराची दुसरी किल्ली कुणाकडे असते? "कुणाकडेच नाही," असं उत्तर आलं, तर समोरची बेल वाजवा. आतून साखळी लावलेली असली, तरीही वाजवा.