माझ्या दिव्यांवरची चिकटपट्टी

मिक्सर म्हटले की तुम्हाला स्वयंपाकघरातला घरघरणारा मिक्सर आठवतो, हे मला ठाऊक आहे. तो मी नव्हे. मी वाटण वाटत नाही, मी गाणी मिसळतो. मी एक जुना मिक्सर आहे, डीजेच्या पुढ्यात असतो तो. एका बाजूने एक गाणे माझ्यात शिरते, दुसऱ्या बाजूने दुसरे, आणि दोन्ही एकजीव होऊन स्पीकरकडे जातात. माझ्या अंगावर गोल बटणे आहेत, खालीवर सरकणाऱ्या दांड्या आहेत आणि मधोमध बारीक दिव्यांची एक उभी पट्टी आहे. आवाज आला की ती हिरवी होत वर चढते, आवाज फार झाला की लाल होते. ती पट्टी म्हणजे माझी जीभ. मित्रांनो, या जिभेवर एका माणसाने चिकटपट्टी लावली. तो राग अजून माझ्या पोटात आहे. गोड कहाणी ऐकायची असेल तर एखाद्या बासरीला विचारा.

कारखान्यात लांब टेबलांशी बसलेल्या बायकांनी मला जोडले. शेवटच्या टेबलावरची बाई प्रत्येक मिक्सरचे प्रत्येक बटण फिरवून, कान देऊन ऐकायची. जरा खरखर आली की माल परत. मी पहिल्याच फेरीत पास झालो. पुढे काही वर्षे एका स्केटिंगच्या हॉलमध्ये होतो. मुले गोल गोल फिरत, पडत, रडत, पुन्हा फिरत आणि मालक तीच तीच गाणी लावी. बरा माणूस होता, रोज मला कोरड्या फडक्याने पुसायचा. हॉल बंद झाला आणि त्याने मला विकायला काढले.

घ्यायला आली एक तरुण मुलगी आणि तिचा मोठा भाऊ. मुलीने आधी माझ्या पत्र्यावर टिचकी मारली, मग नाक लावून वास घेतला.

“वास घेऊन मिक्सर घेतात का गं?” मालक म्हणाला.

“आत काही जळलेलं असलं तर कळतं, काका.”

लहानपणापासून तिला ही खोड. बादली, दार, पाण्याचा पाइप, दादाचे डोके, जे समोर येईल त्यावर टिचकी मारायची आणि आवाज ऐकायची. म्हणून घरात तिचे नावच टिचकी पडले. दादाने आपला स्वेटर काढून मला त्यात गुंडाळले आणि स्कूटरवर मागे बसलेल्या बहिणीच्या मांडीवर ठेवले. “खड्डा आला की ओरडेन, घट्ट धर,” तो म्हणाला आणि सगळी वाट स्वतः थंडीत कुडकुडत गेला. तेव्हा दादा असा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी त्याला भरपूर नावे ठेवणार आहे.

त्यांची आई लॉन्ड्री चालवायची. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत टिचकीचे टेबल होते, त्यावर कॉम्प्युटर, मी आणि दोन स्पीकर. भिंतीपलीकडे दिवसभर धुण्याची मोठमोठी मशीने धडधडत. दुसरे कुणी वैतागले असते, टिचकी मात्र भिंतीला कान लावून बसायची. एकदा तिने माइक थेट मशीनजवळ नेऊन ठेवला.

“आई, एवढ्यात ते मशीन बंद करू नकोस!”

“अगं, धुऊन धुऊन चादर फाटेल!”

“फाटू दे. ठेका सापडतोय.”

“चादर गिऱ्हाइकाची आहे, बाई!”

भिजलेली चादर मशीनमध्ये वर जाते आणि धप्प करून खाली पडते, तो आवाज टिचकीने पकडला. तो कापला, संथ केला, त्यावर इस्त्रीच्या वाफेचा फुस्कारा बसवला आणि कितीतरी दिवस माझी बटणे केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिली. त्यातून जे गाणे झाले त्याला तिने नाव दिले ‘ओली चादर’. लोक त्यावर वेड्यासारखे नाचले. गिऱ्हाइकाला आईने नवी चादर दिली.

मित्रांनो, माझे ते दिवस फार चांगले होते. लहान लहान हॉल, दुपारचे कार्यक्रम. दादा वायरी ओढायचा, खोकी उचलायचा, घामाघूम व्हायचा. टिचकी एका कानाला हेडफोन लावून पुढचे गाणे ऐकायची, दुसरा कान हॉलकडे. नाचणाऱ्यांच्या तोंडांकडे ती बघतच नसे, पायांकडे बघे. पाय जड झाले की तिचे बोट माझ्या दांडीवर येई आणि दुसरे गाणे असे अलगद आत सरके की कुणाला सांधा दिसत नसे. हॉलच्या खिडकीतले ऊन डोळ्यांवर येते म्हणून ती मोठा गॉगल आणि चंदेरी टोपी घालायची. तीच तिची ओळख झाली.

मग मैदाने आली, तिच्या पाठीशी भिंतीएवढे स्पीकर आले. टिचकी कानात बोळे घालायला लागली, तर दादा म्हणाला, “काढ ते. फोटोत दिसतात.” ती म्हणाली, “निदान माझ्या बाजूचा स्पीकर तरी बारीक करायला सांग.” तो म्हणाला, “सांगतो,” आणि सांगितले नाही. मी शेजारीच होतो, माझी पट्टी सारखी लाल होत होती. लाल दिवा शोभेला असतो का? पण तो बघायला कुणाला सवड होती!

हळूहळू ती घरात मोठ्याने बोलू लागली. डाव्या कानात सतत केटलची शिट्टी वाजते म्हणाली. शेवटी कानांच्या डॉक्टरांकडे गेली. तिथे मी नव्हतो, पण परत आल्यावर बहीणभाऊ माझ्यासमोरच भांडले, त्यावरून मला कळले. डाव्या कानाचे ऐकणे गेले ते परत येणार नव्हते. उरलेले टिकवायचे तर काही महिने मोठ्या आवाजाजवळ फिरकायचे नव्हते.

“मी लोकांना तारखा देऊन बसलोय,” दादा म्हणाला.

“मग रद्द कर.”

“एवढी वर्षं खोकी उचलली मी, ती रद्द करायला? ऐक. सगळा कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून ठेवू. तू नुसती उभी राहा, हात फिरव. कानात हवे तेवढे बोळे घाल, टोपी खाली ओढू. ऐकायचंच नाहीये तुला, मग कान कशाला दुखतील?”

ऐकायचंच नाहीये तुला! जी मुलगी पाइपवर टिचकी मारून ऐकायची, तिला हे सख्खा भाऊ म्हणाला. टिचकीने हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली आणि म्हणाली, “एवढ्या वेळेपुरतं.”

पुढच्या कार्यक्रमात माझी विजेची वायर जोडली, पण आवाजाची एकही जोडली नाही. माझी बटणे झगमगत होती आणि आत शुकशुकाट. फक्त मधली पट्टी काळी राहिली, कारण आवाजच नव्हता तर ती चढणार कशी? कॅमेऱ्यात ते दिसेल म्हणून दादाने तिच्यावर काळी चिकटपट्टी लावली. मी बाहुला झालो. रेकॉर्डिंग कुठूनतरी मागून वाजत होते, टिचकी माझी बटणे पिळत होती आणि लोक टाळ्या पिटत होते.

‘एवढ्या वेळेपुरतं’ संपेचना. एका दुपारी मैदान खच्चून भरले होते. टिचकीने माझी एक दांडी खाली ओढली, मग दुसरी, मग दोन्ही हातांनी सगळी बटणे शून्यावर आणली. खरा कार्यक्रम असता तर मैदानात टाचणी पडल्याचे ऐकू आले असते. पण गाणे वाजतच राहिले. उलट लोकांनी हात उंचावून आरोळी ठोकली. त्यांना वाटले, तिने काहीतरी कमाल केली! टिचकीने गॉगल काढला, टोपी काढली, दोन्ही माझ्यावर ठेवून ती स्टेजवरून उतरली. तिच्यावाचून तिचे गाणे वाजत राहिले.

“लोकांसमोर नाक कापलंस माझं!” दादा स्टेजमागे ओरडला.

“कुणाला कळलं तरी का?” ती म्हणाली. “आता मी येणार नाही.”

“नको येऊस. टिचकी हे नाव कागदोपत्री माझ्या नावावर आहे.”

आणि मित्रांनो, या माणसाने काय करावे? त्याने तोच गॉगल आणि तीच टोपी दुसऱ्या एका मुलीला घातली आणि तिला टिचकी म्हणून उभी केली. लोकांना पत्ता नाही. मलाही त्याने सोडले नाही, कारण फोटोत मी ओळखीचा होतो. कुणीतरी माझ्यावर सरबताचा ग्लास कलंडवला. पाक आत झिरपला, बटणे चिकटली. “राहू दे,” दादा म्हणाला, “याचा आवाज थोडाच काढायचाय!” कार्यक्रम संपला की मला ओल्या ताडपत्रीखाली ढकलून द्यायचे. माझ्या स्क्रूंना गंज चढला.

त्या नव्या मुलीला आपण नवीच म्हणू. तिने एकदा दादाला विचारले, “मला हे खरंच वाजवायला शिकवाल का?” तो हसून म्हणाला, “तू हात फिरव, बाकीचं माझ्यावर सोड.” त्याच आठवड्यात नवीने मला काखोटीला मारले आणि पत्ता विचारत विचारत लॉन्ड्री गाठली. टिचकी इस्त्री करत होती. मैदान सोडल्यापासून तिने एकही गाणे केले नव्हते.

तिने नवीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “तूच का ती मी?”

“हो,” नवी म्हणाली. “हा तुमचा आहे, म्हणून आणला.”

“लोकांना फसवताना लाज नाही वाटली?”

“वाटली. तुम्हाला नव्हती वाटली?”

टिचकीच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. कापड जळायला लागले. आई पुढे आली, तिने इस्त्री उचलली आणि म्हणाली, “मशीनच्या आवाजात ओरडू नका दोघी. आत जाऊन काय ते भांडा.”

आत भांडण झाले नाही. टिचकीने काळी पट्टी ओरबाडून काढली. मला उघडून, दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि स्पिरिटने बटण न् बटण साफ केले. माझे एक बटण वाया गेले होते, तिथे तिने दुसरे बसवले. मग वायर जोडली, आवाज सोडला आणि माझी पट्टी अडखळत हिरवी झाली. नवी रडली. टिचकी म्हणाली, “रडतेस काय? माझ्या डाव्या बाजूला उभी राहा. तिकडचं मला ऐकू येत नाही, तू सांगायचं.”

दादा एकदा आला. मला बघून दारातच थांबला. “नाव वापरलंस तर वकील लावीन,” तो म्हणाला.

“ठेव नाव,” टिचकी म्हणाली. “आता नावच वाजव.”

आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तुझे शर्ट धुऊन त्या पिशवीत ठेवलेत. ने.” त्याने पिशवी उचलली आणि गेला.

परवा एका व्यायामशाळेच्या हॉलमध्ये आमचा पहिला कार्यक्रम झाला. दारावरच्या फलकावर कुणाचेच नाव नव्हते. सगळी गाणी नवी होती, लोक नाचत होते. तेवढ्यात मागून कुणी ओरडले, “आवाज वाढव!” मग आणखी चारजण ओरडले. टिचकीने माइक घेतला. “वाढवणार नाही. माझा एक कान याच पायी गेलाय. तुमचे शाबूत आहेत ना? मग पुढे येऊन ऐका.” काहीजण तोंड वाकडे करून निघून गेले. जाऊ देत! बाकीचे पुढे आले.

मित्रांनो, माझे बटण बिघडले तर बाजारात नवे मिळते. कान बाजारात मिळत नाही. लाल दिवा दिसला की आवाज कमी करा आणि जो करू देत नसेल त्याच्याशी भांडा, मग तो भाऊ असला तरी. घरातले कुणी काही मन लावून करत असेल तर त्याची खोकी उचला, पण त्याला खोक्यात बंद करू नका. आणि माझा राग कधी जाणार, हे विचारू नका. पुढचा कार्यक्रम आज दुपारी आहे, टिचकी टेबल लावते आहे, नवी वायरी सोडवते आहे. मला काम आहे.