शेवटचा प्रवेश

"ऊठ रे. ऊठ आधी तिथनं." रखमीने नातवाला दंडाला धरून उभं केलं. संदेश मेल्याचं सोंग घेऊन शाळेच्या पटांगणात पडला होता आणि हर्षाली त्याच्यावर मूठभर माती टाकायच्या बेतात होती.

गोजर मास्तर खुर्चीतून उठले. हे खरं नाही, नाटक आहे, असं त्यांनी समजावून पाहिलं.

"असंल. पन जित्या पोरावर माती नाय टाकायची, गुर्जी. तुमी शिकल्यालं मानूस, तुमाला काय सांगू?"

मास्तरांनी वाद घातला नाही. निवृत्तीनंतर ते आठवड्यातून दोनदा मुरबाडहून एसटीने वैशाखऱ्याला उतरत आणि चढण चढून या वाडीतल्या मुलांना गोष्टी सांगायला येत. यंदा त्यांनी नाटक बसवायला घेतलं होतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं, ग्रीकांचं. राजा हुकूम काढतो, की लढाईत मेलेल्या माझ्या बंडखोर भाच्याला कुणी माती द्यायची नाही. त्या भाच्याची बहीण हुकूम मोडते. राजा तिला कोंडतो, आणि शेवटच्या प्रवेशात, घरातलं एकेक माणूस गेल्यावर, त्याला आपली चूक कळते.

तरुणपणी शहापूरला नोकरीत असताना मास्तरांनी या शोकांतिकांवर प्रबंध लिहिला होता. सहा वर्षं खपून. सगळी मांडणी त्या शेवटच्या प्रवेशावर उभी होती. आजच्या जगण्याशी याचा संबंध स्पष्ट होत नाही, असा शेरा मारून परीक्षकांनी तो परत पाठवला. पुन्हा लिहिणं काही झालं नाही. तो प्रवेश मास्तरांना तोंडपाठ होता, पण रंगमंचावर पाहायचा योग कधी आला नव्हता. मरण्याआधी तो एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं.

म्हणून त्यांनी तोड काढली. मेलेला भाऊ कुणी व्हायचंच नाही. मधली जागा मोकळी ठेवायची.

तालमी बघायला बायका जमू लागल्या. राजा त्या मुलीचा सख्खा मामा, हे कळल्यावर हर्षालीची आई सावळी भडकलीच. "मामा हाय ना तो? मंग भाचीला लुगडं घ्यायचं सोडून कोंडतोय कशाला मेला?" राजा झालेल्या मंगळूला पाणवठ्यावर जायची चोरी झाली, दिसला की बायका त्याच्याकडे कोंडलेल्या भाचीची चौकशी करत. मास्तरांना मनापासून हसू आलं. इतकी पुस्तकं चाळली, पण मामाचा हा गुन्हा त्यांना कुठल्या टिपेत सापडला नव्हता.

प्रयोग रविवारी दुपारी झाला. अख्खी वाडी पटांगणात गोल करून बसली. मास्तर पुढच्या सतरंजीवर होते. हर्षाली मोकळ्या जागेपाशी आली, वाकली. "माझा भाऊ आहे. मी माती देणार," म्हणाली आणि तिने मूठ सोडली.

तेवढ्यात रखमी उठली. तिचा मुलगा वाळू, संदेशचा बाप, तीन वर्षांपूर्वी ओढ्याच्या पुरात गेला होता. शोधून शोधून सापडला नव्हता. पुरायला काही हातात आलंच नव्हतं. ती मोकळ्या जागेपाशी बसली, पटांगणातली माती मुठीत घेतली आणि हळूच खाली सोडली.

"वाळ्या, घे रे बाबा."

मागोमाग सावळी उठली. मग पुरुष उठले. माती दिली जात असताना या वाडीत कुणी बसून राहत नाही. हजर असेल त्याने आपली मूठ द्यायचीच. कुणी कुणाला सांगितलं नाही. रांग लागली. संदेश आजीला टेकून उभा होता.

मंगळू सोनेरी कागदाचा मुकुट सावरत मास्तरांकडे आला. "गुर्जी, माझं शेवटचं ऱ्हायलंय ना बोलायचं."

मास्तरांनी एक हाक दिली असती, तर माणसं खाली बसली असती. त्यांचा शब्द वाडीत कुणी मोडत नसे. त्यांनी रांगेकडे पाहिलं, मग मंगळूकडे.

"राहू दे, बाळा."

मंगळूने मुकुट काढून सतरंजीवर ठेवला आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला. मास्तरांनी चपला काढल्या आणि ते त्याच्या मागे उभे राहिले.