धाकटीच्या काठावरचं घरटं

पाणकोंबडीने घरटं बांधलं ते धाकटीच्या काठावर. थोरलीच्या काठावर तिने काडीसुद्धा ठेवली नाही. हे कळल्यापासून थोरलीच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता.

दोन्ही जावांची घरं भिंतीला भिंत लागून, आणि मागे तळं. तळ्यातल्या पाणकोंबड्या दिसेनाशा झाल्या तेव्हा वस्तीने ठरवलं, की शोभेची परदेशी झाडं उपटायची, इथलाच लव्हाळा आणि पाणकणीस लावायचं, आणि ज्याच्या घरामागे जो काठ, तो त्याने सांभाळायचा. थोरलीने लगेच पदर खोचला. रोपं तिने सुतळी धरून ओळीत लावली. पान वाळलं की काप, काडी कुजली की उचल. तिचा काठ कायम नुकताच न्हाव्याकडून आल्यासारखा दिसे. धाकटीने रोपं चिखलात खुपसली, आपल्या शिवणाच्या दुकानात निघून गेली आणि पुन्हा म्हणून तिकडे फिरकली नाही. तिथे वाळकं, ओलं, मोडकं सगळं एकमेकांत माजलं. आणि पाणकोंबडीबाईंना नेमकं तेच पसंत पडलं!

लोक दुर्बिणी घेऊन धाकटीच्या दारात येऊ लागले. “हिच्या हाताला गुणच आहे हो,” सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. थोरली तिथेच भांडी घासत असायची. त्या दिवसांत भांडी फार चकाकली.

राबायचं मी आणि गुण हिच्या हाताला! थोरली नुसती जळत होती.

अशात धाकटी माहेरी निघाली. “ताई, मी येईपर्यंत जरा लक्ष ठेवाल? अंडी फुटायला आलीत.”

“जा गं, बिनघोर जा,” थोरली इतक्या गोडीने म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

धाकटीची पाठ वळताच तिने विळा काढला. घरट्याला ती हात लावणार नव्हती, इतकी काही ती दुष्ट नव्हती. फक्त धाकटीच्या काठावरचं वाळकं तेवढं काढायचं. बघणाऱ्यांना कळू दे, काठ म्हणतात तो कशाला! सपासप कापताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

कंबर सरळ करून तिने पाहिलं, तर घरटं उघड्यावर पडलं होतं. पाणकोंबडी पळाली होती, अंडी भर उन्हात होती आणि कुंपणावर कावळे येऊन बसले होते.

आपल्याकडे पाणकोंबडी का आली नाही, हे थोरलीला आत्ता उमगलं. त्या वाळक्या पसाऱ्यातच तर पाखरू लपत होतं. आपल्या काठावर त्याच्या भिंती आणि छप्पर ती दर आठवड्याला झाडून टाकत आली होती!

ती तशीच गुडघाभर चिखलात उतरली. सासूबाईंनी तिच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या देत तिने कावळ्यांना ढेकळं मारली. कापलेल्या काड्यांच्या पेंढ्या सुतळीने बांधून घरट्याभोवती रोवल्या. मग लांब जाऊन चिखलातच बसली, डास चावले तरी हलली नाही. खूप वेळाने पाणकोंबडी आली, थबकली, मागे फिरली, पुन्हा आली आणि पेंढ्यांतून आत शिरून अंड्यांवर बसली. थोरलीला रडू फुटलं.

धाकटी परतली ती थेट मागच्या पायरीवर. “ताई, ह्या पेंढ्या कसल्या?”

“मी कापलं सगळं. साफ करायच्या नावाखाली. जळत होते मी तुझ्यावर.”

“अहो, अंडी गेली असती म्हणजे?” धाकटी ओरडलीच. मग मटकन पायरीवर बसली.

“मी काठाकडे का फिरकत नव्हते, माहितीये?” ती म्हणाली. “खिडकी उघडली की तुमच्या त्या ओळी समोर. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. म्हटलं, ह्यांच्यापुढे आपलं काय टिकणार? खिडकीच लावून घेतली.”

थोरलीने आता माफी मागायला हवी होती. शब्द ओठांवर आलेही होते.

“तिळपापड रोज व्हायचा?” तिने विचारलं.

“रोज.”

थोरली चिखलाच्या पायांनी तिच्याशेजारी सरकून बसली. “मग नीट सांग की. अगदी पहिल्यापासून.”